साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (२४ डिसेंबर १८९९ – ११ जून १९५०) हे मराठी लेखक, पत्रकार, शिक्षक, स्वातंत्र्यसैनिक आणि समाजसुधारक होते. ‘श्यामची आई’ या पुस्तकामुळे ते महाराष्ट्रात घरोघरी परिचित झाले. परंतु विद्यार्थ्यांच्या हस्तलिखित दैनिकापासून ‘साधना’ साप्ताहिकापर्यंत सुमारे दोन तपे चाललेली त्यांची पत्रकारिता हाही त्यांच्या जीवनकार्याचा मध्यवर्ती भाग आहे. ‘विद्यार्थी’ मासिक, ‘काँग्रेस’ साप्ताहिक, ‘कर्तव्य’ सायंदैनिक आणि ‘साधना’ साप्ताहिक ही नियतकालिके त्यांनी चालवली. प्रत्यक्ष जगलेल्या व पाहिलेल्या जीवनाची साध्या कथनातून केलेली नोंद, कलेविषयीचा नैतिक विचार आणि सामाजिक प्रश्नांसाठी प्रत्यक्ष कृती या तीन गोष्टी त्यांच्या लेखनात एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुले व्हावे म्हणून त्यांनी १९४७ मध्ये केलेले उपोषण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाची घटना मानली जाते.

बालपण आणि कौटुंबिक पार्श्वभूमी

साने यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या पालगड या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव सदाशिवराव आणि आईचे नाव यशोदाबाई होते. साने घराण्याकडे खोती होती. आजोबांच्या काळापर्यंत घरची स्थिती सुखवस्तू होती. मात्र पुढे कर्जामुळे ती खालावत गेली आणि अखेर राहत्या घरावर जप्ती येण्यापर्यंत वेळ आली. संपन्नतेची आठवण अजून ताजी असताना वाट्याला आलेल्या या दारिद्र्याचा व त्यासोबत सोसाव्या लागलेल्या अपमानाचा साने यांच्या मनावर खोल परिणाम झाला.

आई यशोदाबाई या त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठा प्रभाव होत्या. देवधर्म पाळणाऱ्या, कष्टाळू आणि स्वाभिमानी अशा या स्त्रीने रोजच्या लहानसहान प्रसंगांतून मुलांवर संस्कार केले. १९१७ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा साने शिक्षणासाठी दूर होते आणि आईची अखेरची भेट होऊ शकली नाही. ही खंत त्यांना आयुष्यभर राहिली. पुढे सोळा वर्षांनी तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकाचे मूळ या विरहात आहे.

शिक्षण

प्राथमिक शिक्षण पालगड येथे झाल्यावर साने यांनी दापोलीच्या मिशन शाळेत प्रवेश घेतला. पैशांअभावी पुढील शिक्षण अवघड झाले, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांच्या भोजनाची सोय होत असल्याचे कळल्यामुळे ते औंध संस्थानात गेले. तेथे प्लेगची साथ उद्भवल्याने त्यांना औंध सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात शिक्षण घेऊन १९१८ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण केली. न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, ते १९२२ मध्ये बी.ए. झाले. नंतर त्यांनी एम.ए. ही पदवीही मिळवली.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशातील अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिर या संस्थेत दाखल झाले. उद्योगपती प्रतापशेठ यांच्या आश्रयाने ही संस्था उभी राहिली होती. तेथील एकांतातल्या चिंतनात त्यांचे मन फार काळ रमले नाही. १९२४ मध्ये त्यांनी अमळनेरच्याच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षकाची नोकरी स्वीकारली. ही शाळा पुढे प्रताप हायस्कूल या नावाने ओळखली जाऊ लागली. कोकणात जन्मलेल्या साने यांची खानदेश ही अशा प्रकारे कर्मभूमी झाली.

शिक्षक आणि ‘विद्यार्थी’ मासिक

साने यांनी अमळनेरला सहा वर्षे अध्यापन केले. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आल्यावर त्यांच्यातील शिक्षकाला खरे क्षेत्र मिळाले. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे नीट करणे, आजारी मुलांची शुश्रूषा करणे अशी कामे ते कोणालाही न सांगता करीत. मुलांना शिक्षा करण्याऐवजी स्वतःच्या वागणुकीतून शिस्त शिकवण्याची त्यांची पद्धत होती. याच काळात विद्यार्थी त्यांना ‘गुरुजी’ म्हणू लागले आणि ते संबोधन त्यांना कायमचे चिकटले.

त्यांच्या पत्रकारितेचा आरंभही छात्रालयातच झाला. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. वसतिगृहातील घडामोडी, थोरांची चरित्रे, देशातील बातम्या आणि मुलांच्या चुकांविषयीचे सौम्य बोल असा मजकूर ते रात्री लिहून काढीत आणि सकाळी मुलांना वाचायला मिळत असे. या दैनिकाला वर्गणी, जाहिरात किंवा छापखाना यांपैकी काहीही नव्हते. समोर बसलेल्या ओळखीच्या वाचकासाठी लिहिण्याची जी सवय साने यांना येथे लागली, ती त्यांच्या पुढच्या सर्व लेखनात टिकून राहिली. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे छापील मासिक सुरू केले. शाळेच्या भिंतींबाहेरच्या मुलांपर्यंत पोहोचण्याचा हा त्यांचा पहिला प्रयत्न होता.

या आरंभीच्या काळातच त्यांनी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र लिहिले. गोखले यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातीलच गुहागर तालुक्यातल्या कोतळूक येथे झाला होता आणि त्यांच्या घराण्याचे मूळ गाव समुद्रकाठचे वेळणेश्वर मानले जाते. दापोली आणि गुहागर हे तालुके वाशिष्ठीच्या खाडीने एकमेकांपासून वेगळे होतात; परंतु खोती, तुटपुंजी शेती आणि शिक्षणासाठी घाट चढून जाणारी मुले हे चित्र दोन्हीकडे सारखेच होते. गोखले स्वतः ‘सुधारक’ पत्राच्या इंग्रजी विभागाचे काम पाहत असत. राजकारण हे नैतिक कार्य आहे हा गोखले यांच्या जीवनातील धागा साने यांनी आपल्या चरित्रलेखनात विशेषत्वाने पुढे आणला. पुढील काळात त्यांनी ईश्वरचंद्र विद्यासागर, देशबंधू चित्तरंजन दास आणि पत्रकार शिशिरकुमार घोष यांचीही चरित्रे लिहिली.

स्वातंत्र्यलढा आणि कारावास

महात्मा गांधी यांनी १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू केल्यावर साने यांनी नोकरीचा राजीनामा देऊन तीत उडी घेतली. त्यांना शिक्षा होऊन प्रथम धुळे आणि नंतर त्रिचनापल्ली येथील तुरुंगात ठेवण्यात आले. त्रिचनापल्लीत दक्षिण भारतातील अनेक भाषांचे सत्याग्रही होते. त्यांच्या सहवासात साने यांनी तमिळ व बंगाली भाषांचा अभ्यास केला. तिरुवळ्ळुवर यांच्या ‘तिरुक्कुरळ’ या प्राचीन तमिळ ग्रंथाचा त्यांनी केलेला मराठी अनुवाद ही या परिचयाची फलश्रुती होय. एकाच देशात राहणाऱ्या लोकांना परस्परांच्या भाषा व वाङ्मय यांची ओळख नसते, ही जाणीव त्यांना येथे तीव्रतेने झाली. त्यांच्या ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे बीज याच तुरुंगात रुजले.

१९३२ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. धुळ्याच्या तुरुंगात त्या वेळी विनोबा भावे होते. विनोबांनी तेथे फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे भगवद्गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. साने यांनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ या टिपणांवरून सिद्ध झाला आणि पुढे भारतातील अनेक भाषांत अनुवादित झाला. वक्त्याच्या बोलण्याची लय न मोडता, स्वतःला पूर्णपणे बाजूला ठेवून केलेले हे टिपण म्हणजे मराठीतील दस्तऐवजी लेखनाचा एक उत्तम नमुना आहे. साने यांनी ते लिहून घेतले नसते, तर ही प्रवचने तुरुंगाच्या भिंतींआडच राहिली असती.

‘श्यामची आई’

धुळ्यानंतर साने यांना नाशिकच्या तुरुंगात हलवण्यात आले. तेथे ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतले आणि १३ फेब्रुवारीपर्यंत ते पूर्ण केले. दिवसा तुरुंगातील कामे करून उरलेल्या वेळात आणि रात्री हे लेखन झाले. आश्रमातील सवंगड्यांना श्याम रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो, अशी पुस्तकाची रचना असून त्यात बेचाळीस रात्री आहेत. पुस्तक १९३५ मध्ये प्रकाशित झाले.

या पुस्तकातील बहुतेक प्रसंग साने यांच्या बालपणातील आहेत. कोकणातील खेड्यातील घर, सण, स्वयंपाक, शेती, सावकारी, जातीचे निर्बंध आणि पैशाअभावी होणारी मानहानी यांचे तपशील त्यात आलेले आहेत. त्यामुळे आई-मुलाच्या नात्याची कथा असण्याबरोबरच विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दक्षिण कोकणातील कुटुंबजीवनाचा तो एक विश्वसनीय दस्तऐवजही आहे. डोक्यावर मोळी घेताना अडचणीत पडलेल्या अस्पृश्य समाजातील वृद्धेला मदत करण्यास आई श्यामला सांगते, हा त्यातील प्रसंग विशेष प्रसिद्ध आहे. पंढरपूरच्या उपोषणाआधी चौदा वर्षे साने यांच्या मनात हा प्रश्न घर करून होता, हे त्यावरून दिसते.

इतर लेखन आणि ‘स्त्री जीवन’

‘पत्री’ हा साने यांचा काव्यसंग्रह राष्ट्रीय आशयाच्या कवितांमुळे लोकप्रिय झाला. त्याचा वाढता प्रभाव पाहून ब्रिटिश सरकारने त्याच्या प्रती जप्त केल्या. ‘भारतीय संस्कृती’ या ग्रंथात त्यांनी परंपरेतील उदार व समावेशक अंग सामान्य वाचकासाठी उलगडून दाखवले. ‘धडपडणारी मुले’, ‘श्याम’, ‘क्रांती’, ‘आस्तिक’ या कादंबऱ्या आणि ‘गोड गोष्टी’ ही मुलांसाठीची कथामाला यांचाही त्यांच्या ग्रंथसंपदेत समावेश होतो.

‘स्त्री जीवन’ हा दोन भागांतील ग्रंथ त्यांच्या लेखनात वेगळा उठून दिसतो. जात्यावर दळताना, मुलांना निजवताना, सणासमारंभात बायका ज्या ओव्या म्हणत, त्या साने यांनी ठिकठिकाणच्या स्त्रियांकडून गोळा केल्या. माहेर, सासर, भाऊ, लेक, वैधव्य, व्रते, ऋतू अशा विषयांनुसार त्यांची मांडणी करून प्रत्येक विषयाला त्यांनी प्रास्ताविक विवेचन जोडले. ज्यांना लिहिता येत नव्हते आणि ज्यांची नावे कोठेही नोंदलेली नव्हती, अशा स्त्रियांचे शब्द या संग्रहामुळे सुरक्षित राहिले. गिरण्यांतून पीठ दळून मिळू लागल्यावर घरातील जाती थांबत गेली आणि त्यांच्याबरोबर ओव्याही मागे पडल्या. हे लक्षात घेता या संकलनाचे मोल अधिकच वाढते. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना आजही हा ग्रंथ उपयुक्त ठरतो.

‘काँग्रेस’ साप्ताहिक

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन होते. चित्रकार नंदलाल बोस यांनी स्थानिक साधनांचा वापर करून अधिवेशनाच्या नगराची सजावट केली होती. अधिवेशनाच्या तयारीसाठी साने गावोगाव पायी हिंडले. खानदेशातील शेतकऱ्यांशी त्यांचे नाते या फिरस्तीत दृढ झाले.

एप्रिल १९३८ मध्ये त्यांनी अमळनेर येथून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केले. अंकातील बराचसा मजकूर ते स्वतःच लिहीत. शेतसारा, सावकारी, गिरणी कामगारांचे वेतन, हिंदू-मुसलमान ऐक्य, अस्पृश्यता या विषयांवरील लेखांबरोबर कथा, कविता, थोरांची चरित्रे आणि परभाषांतील वाङ्मयाचा परिचय असे या साप्ताहिकाचे स्वरूप होते. वृत्त आणि ललित लेखन यांत त्यांनी भिंत उभी केली नाही. खेड्यात पाहिलेला प्रसंग बातमी म्हणून येई, तोच विषय पुढे कथेत येई आणि त्यावरूनच एखादे समरगीत तयार होऊन मोर्चात गायले जाई.

१९३८ मध्ये अतिवृष्टीमुळे पूर्व खानदेशातील पिकांची मोठी हानी झाली. शेतसाऱ्यात सूट मिळावी यासाठी साने यांनी साप्ताहिकातून आणि सभांतून आवाज उठवला, शेतकऱ्यांचे मोर्चे काढले. धुळे आणि अमळनेर येथील गिरणी कामगारांच्या लढ्यांतही ते उतरले. मुंबई प्रांतात त्या वेळी काँग्रेसचेच मंत्रिमंडळ सत्तेवर होते. पक्षाचे नाव धारण करणाऱ्या साप्ताहिकाच्या संपादकाने पक्षाच्याच सरकारपुढे शेतकरी-कामगारांची गाऱ्हाणी मांडावीत, हे काही सहकाऱ्यांना रुचले नाही. साने यांना यात विसंगती वाटत नव्हती. काँग्रेस ही प्रथम गरिबांची संघटना आहे, अशी त्यांची धारणा होती. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांना पुन्हा कारावास झाला आणि हे साप्ताहिक थांबले.

१९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात त्यांनी भूमिगत राहून काम केले. १९४३ मध्ये मुंबईत त्यांना अटक झाली आणि १९४५ मध्ये त्यांची सुटका झाली. याच काळात राष्ट्र सेवा दलाशी त्यांचा घनिष्ठ संबंध आला. सेवा दलातील तरुण कार्यकर्त्यांचे ते श्रद्धास्थान बनले.

कलाविषयक विचार

साने यांनी लिओ टॉलस्टॉय यांच्या कलाविषयक प्रबंधाचा ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठी अनुवाद केला. कलावंताने अनुभवलेली भावना इतरांपर्यंत पोहोचवणे हे कलेचे कार्य असून, माणसांना एकत्र आणणारी कला श्रेष्ठ होय, असे टॉलस्टॉय यांचे प्रतिपादन होते. मराठी साहित्यात कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद रंगलेला असताना साने यांनी हा ग्रंथ मराठीत आणला, हे लक्षणीय आहे. त्यांची स्वतःची बाजू स्पष्ट होती. खेड्यातील अर्धशिक्षित माणसाला जे समजणार नाही आणि ज्यामुळे त्याच्याविषयी आपुलकी वाढणार नाही, ते लेखन त्यांना अपुरे वाटे.

व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘ले मिझेराब्ल’ या कादंबरीचे त्यांनी ‘दुःखी’ या नावाने केलेले रूपांतरही याच दृष्टीने पाहिले जाते. रवींद्रनाथ टागोर यांच्या साहित्याचा आणि शांतिनिकेतनातील प्रयोगाचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्यांच्या निबंधांत चित्रकला, संगीत आणि नृत्य यांचा उल्लेख जीवनाच्या शिक्षणाचे अंग म्हणून येतो. सभा-संमेलनांतून गाणी, मेळे आणि पोवाडे यांना त्यांनी दिलेले स्थान हा या विचाराचा व्यावहारिक भाग होता.

पंढरपूर मंदिर प्रवेश

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील भाविकांना प्रवेश नव्हता. संत चोखामेळा यांची समाधीही महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेर आहे. वारकरी परंपरेने सर्व जातींच्या संतांचा गौरव केला असला, तरी मंदिराच्या दारात ही समता थांबत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहानंतर १९३५ मध्ये मंदिर प्रवेशाच्या मार्गाकडे पाठ फिरवली होती. हा कलंक पुसण्याची जबाबदारी स्पृश्य समाजाची आहे, या भूमिकेतून साने यांनी हा प्रश्न हाती घेतला.

उपोषणाचा निश्चय त्यांनी १९४६ मध्येच केला होता. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून तो पुढे ढकलून आधी लोकमत तयार करण्यासाठी त्यांनी महाराष्ट्राचा काही महिन्यांचा दौरा केला. सेनापती बापट यांनी या दौऱ्यात त्यांना साथ दिली. सेवा दलाच्या तरुणांची गीते व पोवाडे सभांतून सादर होत. या दौऱ्यात अनेक गावांतील मंदिरे आणि पाणवठे सर्वांसाठी खुले करण्यात आले.

१ मे १९४७ रोजी साने यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात आमरण उपोषण सुरू केले. सनातनी मंडळींकडून त्यांना तीव्र विरोध झाला. खुद्द महात्मा गांधी यांनी, त्यांच्यापर्यंत पोहोचलेल्या अपुऱ्या माहितीमुळे, उपोषण सोडण्याविषयी तार पाठवली. ज्यांना आयुष्यभर गुरुस्थानी मानले, त्यांचाच शब्द बाजूला ठेवण्याची वेळ साने यांच्यावर आली. त्यांनी नम्रपणे आपला निश्चय कायम ठेवला. मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या मध्यस्थीने मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाल्यावर १० मे रोजी उपोषण समाप्त झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदा झाला आणि विठ्ठल मंदिराचे दरवाजे सर्व हिंदूंसाठी उघडले गेले.

‘कर्तव्य’ आणि ‘साधना’

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधी यांची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातील होता, या जाणिवेने साने अत्यंत व्यथित झाले आणि त्यांनी प्रायश्चित्त म्हणून २१ दिवसांचे उपोषण केले. हत्येमागील द्वेषाच्या विचाराला उत्तर देण्यासाठी वृत्तपत्र हवे, असे त्यांना वाटू लागले. त्यातून मुंबईत ‘कर्तव्य’ हे सायंदैनिक निघाले. मात्र ते काही महिनेच चालले.

दैनिकाचा अनुभव फारसा यशस्वी न ठरल्यावर त्यांनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, ‘साधना’ हे साप्ताहिक सुरू केले. लोकशाही, समाजवाद, जातिनिर्मूलन, धार्मिक सलोखा आणि भारतीय भाषांचे परस्परसहकार्य ही या साप्ताहिकाची सूत्रे होती. पुतणीला लिहिलेली त्यांची पत्रे ‘साधना’मधून प्रसिद्ध होत. फुले, पक्षी, नक्षत्रे, प्रवासातील माणसे, जगातील घडामोडी आणि थोरांच्या आठवणी यांनी भरलेली ही पत्रे नंतर ‘सुंदर पत्रे’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. कौटुंबिक पत्र हेच साप्ताहिकातील सदर बनवण्याची ही पद्धत छात्रालयातील हस्तलिखित दैनिकाशी थेट नाते सांगणारी होती.

आंतरभारती

१९४९ मध्ये आचार्य शं. द. जावडेकर यांच्या अध्यक्षतेखाली पुणे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात साने यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. रवींद्रनाथांची विश्वभारती जगाशी नाते जोडणारी होती. त्याआधी भारतातील प्रांतांनी एकमेकांना ओळखावे, असा या कल्पनेचा आशय होता. निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकत्र राहावे, परस्परांच्या भाषा शिकाव्यात, वाङ्मयाचे अनुवाद करावेत आणि लोककलांचा परिचय करून घ्यावा, असे केंद्र उभारण्याची त्यांची इच्छा होती. त्यासाठी निधी गोळा करण्याचे काम त्यांनी सुरू केले. परंतु ते त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. भाषावार प्रांतरचनेची मागणी जोर धरत असताना मांडलेला हा विचार त्यांच्या दूरदृष्टीचा निदर्शक मानला जातो. त्यांच्यानंतर सहकाऱ्यांनी आंतरभारती या नावाने संस्थात्मक कार्य चालू ठेवले.

मृत्यू

स्वातंत्र्यानंतरची फाळणीतील हिंसा, गांधीहत्या, जातीय द्वेष आणि सत्तेच्या राजकारणात जुन्या ध्येयवादाची होणारी घसरण यांमुळे साने यांचे मन खचत गेले. निराशेचे असे कालखंड त्यांच्या आयुष्यात पूर्वीही येऊन गेले होते. मुलांमध्ये रमणारा, हसवणारा गोष्टीवेल्हाळ माणूस आणि एकांतात स्वतःच्या अपुरेपणाने व्याकूळ होणारा साधक ही त्यांच्या व्यक्तिमत्त्वाची दोन रूपे निकटवर्तीयांना परिचित होती. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबईत आपली जीवनयात्रा स्वतःहून संपवली. ते अविवाहित होते. त्यांच्या मृत्यूने महाराष्ट्रातील तरुण कार्यकर्त्यांच्या एका संपूर्ण पिढीला धक्का बसला. या घटनेच्या कारणांविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले; मात्र कोणत्याही एका कारणाने तिचा उलगडा होत नाही, असेच त्यांच्या बहुतेक चरित्रकारांचे मत दिसते.

मूल्यमापन

साने यांच्या लेखनावर भावविवशतेचा आरोप अनेकदा झाला. त्यांच्या कथांत अश्रू फार आहेत, पात्रे एकतर फार चांगली किंवा लगेच पश्चात्ताप पावणारी आहेत आणि कलात्मक संयम कमी आहे, असे आक्षेप समीक्षकांनी घेतले. साने यांनीही स्वतःला मोठा साहित्यिक मानले नाही. मंदिर प्रवेशाच्या लढ्याविषयी आर्थिक व राजकीय हक्कांच्या तुलनेत हा प्रश्न दुय्यम असल्याचे मत दलित चळवळीतून व्यक्त झाले. उपोषणाच्या मार्गातील नैतिक दडपणाबद्दलही मतभेद होते.

दुसरीकडे, मराठी गद्याला त्यांनी दिलेला सरळपणा बहुतेकांनी मान्य केला आहे. लहान वाक्ये, बोलीतील शब्द आणि प्रसंगातून विचाराकडे जाण्याची पद्धत यांमुळे त्यांचे लेखन नुकत्याच साक्षर झालेल्या वाचकापर्यंत पोहोचले. कोकणातील आईच्या आठवणी, तुरुंगातील प्रवचने, जात्यावरच्या ओव्या आणि खानदेशातील शेतकऱ्यांची हलाखी या गोष्टी त्यांनी नोंदवल्या नसत्या, तर त्यांतील बरेच काही विस्मृतीत गेले असते. लिहिलेल्या मजकुराची किंमत स्वतः मोजण्याची त्यांची तयारी होती. अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणारा संपादक त्याच प्रश्नासाठी प्राण पणाला लावतो, असे उदाहरण मराठी पत्रकारितेत विरळा आहे.

वारसा

‘साधना’ साप्ताहिक साने यांच्यानंतरही चालू राहिले. आचार्य जावडेकर, रावसाहेब पटवर्धन, यदुनाथ थत्ते आदींनी त्याचे संपादन केले. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात या साप्ताहिकाला सरकारी रोषाला तोंड द्यावे लागले. सध्या ते पुण्याहून प्रकाशित होते.

‘श्यामची आई’ या पुस्तकावर आचार्य प्र. के. अत्रे यांनी त्याच नावाचा चित्रपट १९५३ मध्ये निर्माण केला. वनमाला यांनी आईची आणि माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले.

मुलांना गोष्टी सांगण्याची साने यांची परंपरा अखिल भारतीय साने गुरुजी कथामाला या संस्थेने पुढे चालवली. पालगड येथील त्यांचे घर स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे. रायगड जिल्ह्यातील माणगावजवळ वडघर येथे साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक उभारण्यात आले असून तेथे युवकांची शिबिरे भरतात. भारतीय टपाल खात्याने २००१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रकाशित केले. त्यांनी लिहिलेले मानवप्रेमाचे प्रार्थनागीत आजही महाराष्ट्रातील अनेक शाळांमध्ये दिवसाच्या आरंभी म्हटले जाते.

निवडक ग्रंथसंपदा

आत्मपर व कादंबरी: श्यामची आई, श्याम, धडपडणारी मुले, क्रांती, आस्तिक, तीन मुले

काव्य: पत्री

वैचारिक: भारतीय संस्कृती

लोकसाहित्य संकलन: स्त्री जीवन (दोन भाग)

चरित्रे: नामदार गोखले, ईश्वरचंद्र विद्यासागर, देशबंधू दास, शिशिरकुमार घोष

अनुवाद व रूपांतरे: कला म्हणजे काय?, दुःखी, कुरल

बालसाहित्य व पत्रे: गोड गोष्टी, सुंदर पत्रे

संपादित नियतकालिके: छात्रालय (हस्तलिखित दैनिक), विद्यार्थी (मासिक), काँग्रेस (साप्ताहिक), कर्तव्य (सायंदैनिक), साधना (साप्ताहिक)